औषध कारखान्याचे कपडे: शिजियाझुआंगचं एक गाणं आणि त्याचं सरकारी रूप

पार्श्वभूमी

शिजियाझुआंग हे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडलं असेल तर ते बहुधा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, डिसेंबर १९४२ मध्ये हेबेई प्रांतातल्या एका खेड्यात वारले, आणि त्यांची समाधी आज शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात आहे. चीनमधल्या तरुणांना मात्र हे शहर ठाऊक आहे ते एका रॉक गाण्यामुळे. त्या गाण्याचं पुढे काय झालं, हे या प्रकरणात मांडलं आहे. एखाद्या जागेचं दुःख गाण्यात उतरलं, त्या गाण्याने जागेला नाव मिळालं, आणि मग जागेच्या कारभाऱ्यांना ते गाणं हवंसं वाटलं पण त्यातलं दुःख नकोसं झालं, तर काय होतं ते इथे फार स्वच्छ दिसतं.

हे शहर जुनं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे एक लहानसं खेडं होतं. बीजिंगहून दक्षिणेला हानखौकडे जाणारा लोहमार्ग आणि पश्चिमेला तायुआनला जाणारा लोहमार्ग इथे एकत्र आले आणि गाव वाढलं. पुढे कापड गिरण्या आल्या. नोव्हेंबर १९४७ मध्ये कम्युनिस्ट सैन्याने हे शहर घेतलं, आणि १९६८ पासून ते हेबेईची राजधानी आहे. बीजिंगला राजवाडे आहेत, शिआनला तटबंदी आहे. शिजियाझुआंगकडे तसं दाखवायला काही नव्हतं. होते ते कारखाने.

त्यातला सगळ्यात मोठा मान उत्तर चीन औषध कारखान्याचा. पहिल्या पंचवार्षिक योजनेत सोव्हिएत मदतीने तो उभा राहिला आणि १९५८ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन अशी प्रतिजैविकं देशाने मोठ्या प्रमाणावर स्वतः बनवायची, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हाही हेच स्वप्न होतं. (पुढे चीनचं स्वस्त पेनिसिलिन बाजारात आलं आणि भारतातलं पेनिसिलिनचं उत्पादन बंद पडत गेलं. पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला हा धागा वेगळा सांगायला नको.)

अशा कारखान्यात नोकरी लागली की माणसाचं सगळं आयुष्यच कारखान्याकडे जाई. राहायची खोली, मुलांची शाळा, दवाखाना, खानावळ, पेन्शन, सगळं तिथलंच. लग्न करायचं तर परवानगीही तिथूनच. नोकरी वडिलांनंतर मुलाला मिळे. माणूस पत्ता सांगे तो गल्लीचा नव्हे, कारखान्याचा. ‘मी कुठला’ या प्रश्नाचं उत्तर कारखान्याच्या नावात होतं.

नव्वदच्या दशकात हे सगळं उसवलं. सप्टेंबर १९९७ च्या कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनानंतर सरकारी उद्योगांच्या फेररचनेने वेग घेतला. १९९८ ते २००३ या काळात सरकारी उद्योगांतून अडीच कोटींहून जास्त कामगारांना घरी बसवण्यात आलं. त्यांत चाळिशीतल्या बायकांना सगळ्यांत आधी कमी केलं गेलं. त्या काळात सरकारी दूरचित्रवाणीवर लिऊ ह्वान या नामवंत गायकाचं एक गाणं सतत वाजत असे. नोकरी गेलेल्यांना धीर देणारं: कालचं वैभव आता दूरची आठवण झालं, हरकत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू. चाल दमदार आहे, आवाज तर फारच मोठा आहे, आणि अनेकांना त्याने खरंच आधार दिला. पण त्या गाण्यात एकाही शहराचं नाव नाही. एक रस्ता नाही, एक कारखाना नाही. ते कुणालाही, कुठेही लागू पडतं. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा कामाला येणार आहे.

गाण्यात काय आहे

वान्नंग छिंगन्येन ल्यूत्येन, इंग्रजी नावाने ‘ओम्निपोटंट यूथ सोसायटी’, हा शिजियाझुआंगचाच बँड. ही मुलं नव्वदच्या दशकात एकत्र वाजवू लागली, आणि त्यांचा पहिला अल्बम आला थेट नोव्हेंबर २०१० मध्ये. म्हणजे कारखान्यांची पडझड त्यांनी पोरवयात पाहिली आणि गाणं बाहेर आलं तेव्हा ते तिशीत होते. शब्द प्रामुख्याने बास वाजवणारे जी गंग यांचे, आवाज आणि गिटार तुंग यात्छ्येन यांची, ट्रम्पेट शि ली यांची. त्या अल्बममधल्या ज्या गाण्याची इथे चर्चा आहे त्याच्या नावाचा अर्थ होतो, ‘त्या शिजियाझुआंगकराला मारा’.

नाव ऐकून काहीतरी हिंसक अपेक्षित असतं. गाणं सुरू होतं ते संध्याकाळी सहा वाजता. एक माणूस कामावरून सुटतो, औषध कारखान्याचे कपडे बदलतो. बायको पेज शिजवते आहे. तो दोन-चार बाटल्या बिअर प्यायला बाहेर पडतो. अशी तीस वर्षं जातात, आणि मग ‘इमारत कोसळते’.

कपडे बदलण्याचा तो तपशील मला फार मोलाचा वाटतो. प्रतिजैविकं बनतात ती किण्वनातून, म्हणजे आंबवण्याच्या क्रियेतून, आणि त्या कारखान्यांचा वास या शहराने पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. तिथले कपडे उतरवणं म्हणजे कामगाराने माणूस होऊन घरी परतणं. आणि एक दिवस ते कपडेच घालायला मिळत नाहीत. कवीने हे समजावून सांगितलेलं नाही. ज्यांच्या घरात ते कपडे दोरीवर वाळत असत त्यांना सांगायची गरजही नव्हती.

दुसऱ्या कडव्यात लोकबाजार नावाचं सरकारी दुकान येतं, त्यातला अष्टकोनी काउंटर येतो. तिथे एक बाई खोटी नोट देऊन खोटी बंदूक विकत घेते, आपलं जगणं राखण्यासाठी. तिसऱ्या कडव्यात हेबेई नॉर्मल विद्यापीठाला जोडलेली शाळा आहे. टेबल टेनिस खेळणारा एक मुलगा पाठ करून उभा आहे, ज्या वर्गातून बाहेर पडता येत नाही त्या वर्गाकडे बघत. (शेजारच्या चंगतिंगमध्ये चीनचं राष्ट्रीय टेबल टेनिस प्रशिक्षण केंद्र आहे, या भागात हातात बॅट असलेला मुलगा हे अगदी घरोघरचं चित्र.) त्याच्या डोक्यात दहा हजार मोकाट घोडे धावू लागतात.

तीन कडव्यांत येतात ते ‘मी’, ‘ती’ आणि ‘तो’. बहुतेक ऐकणारे यात बाप, आई आणि मुलगा पाहतात. मला त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. कारखाना, सरकारी दुकान आणि शाळा हे त्या जुन्या आयुष्याचे तीन खांब आहेत. गाणं एकेक खांब दाखवतं आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी इमारत पाडतं. कुणाला शिव्या नाहीत, धोरणाचं नाव नाही. फक्त पत्ते आहेत.

इथे पहिला निर्णय बँडचा होता. हेच दुःख ‘एका शहरातल्या एका कारखान्यात’ असं मोघम मांडता आलं असतं. देशभर विकायला तेच सोयीचं पडलं असतं. त्यांनी खरी नावं ठेवली. झालं असं, की शेनयांगच्या आणि वुहानच्या ऐकणाऱ्यांनीही ते आपलं मानलं. लोकबाजार कधी न पाहिलेल्यांनाही आपल्या गावचं सरकारी दुकान आठवलं.

अडचण

पुढची दहा-बारा वर्षं हे गाणं शहराची ओळख बनून राहिलं, आणि ती ओळख कारभाऱ्यांना अवघड जागी बसणारी होती. २०१३ च्या सुमारास शिजियाझुआंगचं नाव देशातल्या सगळ्यांत दूषित हवेच्या शहरांत होतं. धुरकं, बंद कारखाने, आणि वर हे गाणं. बाहेरून येणारा तरुण पाहुणा शहरात उतरायचा तो डोक्यात हीच चाल घेऊन.

शहर दरम्यान बदलत होतं. जून २०१७ मध्ये मेट्रो सुरू झाली. दोन हजारनंतर जन्मलेल्या मुलांचं शिजियाझुआंग म्हणजे मेट्रो, मॉल आणि घराचे हप्ते. त्यांनी औषध कारखान्याचे कपडे बदलणारा माणूस पाहिलेला नाही. शहराने जन्मभर त्या एका कोसळण्यापुरतंच ओळखलं जावं का, हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्यांना मी चुकीचं मानत नाही.

मग २०२३ आलं. कोविडचे निर्बंध उठले होते, लोक प्रवासाला निघाले होते. त्या वसंतात शानतुंगमधलं झिबो हे जुनं औद्योगिक शहर नुसत्या भाजलेल्या मांसाच्या काड्यांवर देशभर गाजलं. रेल्वेगाड्या भरभरून तरुण तिथे गेले. ते पाहून प्रत्येक मधल्या फळीतलं शहर स्वतःचं काहीतरी शोधू लागलं. शिजियाझुआंगकडे रॉक होतं, आणि हे काही ओढून आणलेलं नव्हतं. चीनमधल्या एका पिढीने ज्यातून रॉक वाचलं ती ‘लोकप्रिय गाणी’ आणि ‘मला रॉक आवडतं’ ही दोन मासिकं याच शहरातून निघत. शहराने ‘रॉकचं शहर’ व्हायचं ठरवलं, यात खोटं काहीच नव्हतं. पेच होता तो त्या एका गाण्याचा. त्याच्याशिवाय रॉकचं शहर होता येत नाही, आणि त्याच्यासकट पर्यटनाची जाहिरात करता येत नाही.

शहरासमोरचे रस्ते

पहिला रस्ता गाण्याकडे दुर्लक्ष करण्याचा. मंच उभारा, कार्यक्रम करा, गाण्याबद्दल अवाक्षर काढू नका. सुरक्षित, पण ज्याच्यामुळे लोक येणार तेच टाळल्यासारखं.

दुसरा, गाणं आहे तसं स्वीकारण्याचा. ‘होय, हे आमच्या शहरात घडलं’ एवढं म्हणायचं आणि बाकी ऐकणाऱ्यावर सोडायचं. याला धैर्य लागतं, कारण त्या नोकरकपातीबद्दल चीनमध्ये अधिकृतपणे बोललं जातं ते ‘सुधारणेची किंमत’ अशाच भाषेत.

तिसरा, नव्या पिढीकडून नवं गाणं लिहून घेण्याचा. मेट्रोचं, आजच्या भाड्याच्या खोल्यांचं. यात धोका एवढाच की नवं गाणं चालेलच याची खात्री नाही.

चौथा, जुनीच चाल घेऊन शब्द बदलण्याचा.

या वेळी कारभाऱ्यांच्या नजरेसमोर छंगदू या दुसऱ्या शहराचं उदाहरण असणं स्वाभाविक आहे. चाओ लेइ या गायकाने २०१६ मध्ये छंगदूवर एक गाणं केलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ते दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धेत गायलं. गाण्यात युलिन रस्ता आहे आणि त्याच्या टोकाला एक छोटा बार आहे. रातोरात त्या बारसमोर रांगा लागल्या. शहराने ते गाणं आनंदाने मिरवलं, एक शब्दही बदलावा लागला नाही. पण ते निरोपाचं, प्रेमाचं गाणं आहे. तिथे नोकरी कुणाची गेलेली नाही. छंगदूचा साचा शिजियाझुआंगला बसणार नव्हता, कारण एकीकडे जागा ही प्रेमाची पार्श्वभूमी आहे आणि दुसरीकडे जागा हीच गमावलेली गोष्ट आहे.

केलं काय

चौथा रस्ता धरला गेला. जुलै २०२३ मध्ये कम्युनिस्ट युथ लीगच्या, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या युवक संघटनेच्या, हेबेई शाखेच्या पुढाकाराने त्या गाण्याची नवी आवृत्ती बाहेर आली. शीर्षक उलटं केलं: ‘मारता न येणारं शिजियाझुआंग’. चाल ओळखीची, शहराचं नाव ठसठशीत, सोबत शहराची चकचकीत दृश्यं. अंधार आणि कोसळणं गेलं; त्या जागी जिद्द, उमेद, तरुणाई आली.

त्याच सुमारास शहराने दुसरंही एक काम सुरू केलं, आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. उद्यानांत, मॉलमध्ये, मेट्रो स्थानकांत, बसमध्येसुद्धा रॉकचे फुकट कार्यक्रम ठेवले. स्थानिक बँडना मंच मिळाला. पूर्वी ज्यांना तळघरात सराव करावा लागे त्यांना भर बाजारात वाजवता आलं.

परिणाम

गाण्याच्या नव्या आवृत्तीवर टीकेची झोड उठली. बऱ्याच ऐकणाऱ्यांना तो आपल्या आईवडिलांचा अपमान वाटला. आक्षेपांचा सूर साधारण असा: ज्या माणसांवर इमारत कोसळली त्यांचीच चाल घेतलीत आणि त्यांनाच गाण्यातून काढून टाकलंत. चेष्टा झाली तशी खरी चीडही व्यक्त झाली. प्रसिद्धी मिळाली, पण शहर हसण्यावारी गेलं, आणि मूळ गाणं नव्याने ऐकलं जाऊ लागलं. ज्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं त्यांनीही शोधून ऐकलं, त्यातला औषध कारखाना कुठला, इमारत कुठली, यावर लिहिलं. पुसायला गेलेला इतिहास असा पुन्हा ठळक झाला.

नवी आवृत्ती फसली ती वाईट गायली गेली म्हणून नव्हे. लिऊ ह्वानच्या गाण्याने पंचवीस वर्षांपूर्वी जो मार्ग घेतला होता तोच तिने घेतला: धीर द्या, पण कशाबद्दल ते बोलू नका. तेव्हा निदान ते गाणं कोणत्याही शहराचं असल्याचा दावा करत नव्हतं. इथे दावा शहराचा होता आणि शहरातलं काहीच आत उरलं नव्हतं. जिद्द आणि उमेद हे शब्द कुठल्याही महापालिकेच्या फलकावर बसतात. अष्टकोनी काउंटर मात्र एकाच दुकानात असतो.

फुकट कार्यक्रमांचं वेगळं झालं. त्यांना गर्दी झाली, लहान बँडना ऐकणारे मिळाले. तिथे शहराने कुणाच्या तोंडात शब्द घातले नव्हते, फक्त जागा दिली होती. माझ्या मते ‘रॉकचं शहर’ या मोहिमेतलं हेच टिकाऊ काम, आणि गाण्याच्या गोंधळात त्याच्यावरही सावली पडली याचं वाईट वाटतं.

बँडने या यशाचं काय केलं हेही प्रकरणाचा भाग आहे. त्यांनी तसलंच दुसरं गाणं केलं नाही. पुढचा अल्बम यायला दहा वर्षं लागली. तो डिसेंबर २०२० मध्ये आला आणि शहर सोडून हेबेईच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगररांगांत गेला, जिथे डोंगर पोखरले जातात आणि शहरांसाठी दगड-माती निघते. कोसळण्याचाच विषय त्यांनी उगमापाशी जाऊन गाठला. पहिल्या गाण्यावर वर्षानुवर्षं जगता आलं असतं, तो मोह त्यांनी टाळला.

वेगळं काय करता आलं असतं

दुसरा आणि तिसरा रस्ता एकत्र धरता आला असता. मूळ गाणं जसंच्या तसं शहराच्या मंचावर वाजू द्यायचं, आणि शेजारी आजच्या विशीतल्या मुलांना त्यांचं शिजियाझुआंग गाऊ द्यायचं. दोन्ही गाण्यांत पत्ते खरे असायला हवेत, एवढी एकच अट. शहर त्या एका दुःखात अडकून राहू नये, ही काळजी रास्त आहे. पण त्यावरचा उपाय जुनं गाणं दुरुस्त करणं हा नाही. नव्या पिढीच्या गाण्यात कदाचित याहून कडू काही आलं असतं. घराचे हप्ते, न मिळणाऱ्या नोकऱ्या. ते येऊ देण्याची तयारी ठेवूनच हा रस्ता धरावा लागतो.

शब्द बदलण्यापूर्वी ते गाणं ज्यांचं आहे त्यांना विचारता आलं असतं. इथे ‘ज्यांचं’ म्हणजे केवळ बँड नाही. औषध कारखान्यातून निवृत्त झालेली किंवा घरी बसवलेली माणसं याच शहरात, अनेकदा कारखान्याने दिलेल्या त्याच जुन्या खोल्यांत राहतात. त्यांच्या दोन सभा घेतल्या असत्या तरी कोणती ओळ हलवू नये ते कळलं असतं. कदाचित त्यांच्यातल्या काहींनी ‘पुरे झालं ते रडगाणं’ असंही सांगितलं असतं, आणि मग बदलाला निदान त्यांचा आधार असता.

अशी गाणी आपल्याकडे ऐकणाऱ्यांनाही या प्रकरणात एक निर्णय करावा लागतो. शिजियाझुआंगच्या गाण्यातला कारखाना केवळ ‘चीनमधला बदल’ या मथळ्याखाली वाचला की तोही मोघम होतो, सरकारी आवृत्तीसारखाच. मी तरी ते ऐकताना १९५८, पेनिसिलिन आणि किण्वनाचा वास सोडत नाही.

शहराला आजही करता येण्याजोगं एक काम उरतं. मंचासाठी जेवढा खर्च झाला त्याचा थोडा भाग त्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यावर लावावा: पाळीच्या वेळा, खानावळीतलं जेवण, कपडे कुठे बदलायचे, नोकरी गेल्याचं कुणी आणि कसं सांगितलं, त्या रात्री घरी काय बोलणं झालं. तेव्हा चाळिशीत नोकरी गमावलेल्या बायका आज सत्तरीच्या आसपास आहेत. हे काम हाती घ्यायचं तर त्याला फार वर्षं उरलेली नाहीत.